फॉर्मवरचं मत आणि वर्गातलं मत

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांत बी.एड.च्या प्रशिक्षणाबद्दलची पत्रं बरीच होती. त्यातली चार इथे घेतली आहेत. पहिल्या दोन पत्रांना उत्तरं लांब झाली, कारण त्यांत अडकणारी मंडळी दरवर्षी तिथेच अडकतात.

प्रश्न: मी एम.एड. करते. इंटर्नशिपच्या आधी आणि नंतर छात्राध्यापकांची अध्यापनाविषयीची अभिवृत्ती (म्हणजे मनाचा कल) बदलते का, हा माझ्या लघुशोधप्रबंधाचा विषय आहे. गाइड म्हणतात तयार चाचणी वापर, मला स्वतःची करायची आहे. शिवाय आमच्याकडची मुलं प्रत्येक विधानापुढे ‘पूर्ण सहमत’वर खूण करून मोकळी होतात. काय करू? (सुदामा नगर, इंदूर)

दुसरी अडचण आधी सोडवा. ती सुटली नाही तर चाचणी कोणतीही घ्या, हाती काही लागणार नाही. अंतर्गत गुण देणाऱ्या प्राध्यापकांनीच फॉर्म वाटला आणि वर नाव, रोल नंबर लिहायला लावला, तर ‘अध्यापन हा पवित्र व्यवसाय आहे’ याला असहमत कोण लिहील? याला लबाडी म्हणू नका. परीक्षा समजून मुलांनी अपेक्षित उत्तर लिहिलेलं असतं. तेव्हा फॉर्म वाटायला गुणांशी संबंध नसलेली व्यक्ती हवी, शक्यतो दुसऱ्या कॉलेजची. फाइली जमा करायचा आठवडा टाळा. भरलेले कागद हातात घेऊ नका, बंद पेटीत टाकू द्या.

नाव नको, पण आधीचा आणि नंतरचा कागद एकाच व्यक्तीचा आहे हे कळायला हवं. त्यासाठी खूण ठरवा: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेतला फक्त दिवस आणि पहिल्या शाळेच्या नावाचं पहिलं अक्षर. या गोष्टी चार महिन्यांत बदलत नाहीत आणि विसरल्याही जात नाहीत. मोबाइलचे शेवटचे अंक घेऊ नका, नंबर बदलतात. ‘मनाला येईल तो कोड लिहा’ असं सांगितलं तर शेवटी जोडी न लागलेल्या कागदांचा ढीग उरतो.

आता तयार की स्वतःची? आपल्याकडे एस. पी. अहलुवालिया यांची शिक्षक अभिवृत्ती सूची वर्षानुवर्षं वापरात आहे. तिच्यात 90 विधानं आहेत: अध्यापन व्यवसाय, वर्गाध्यापन, बालकेंद्री पद्धती, शैक्षणिक प्रक्रिया, विद्यार्थी आणि शिक्षक या सहा विभागांत प्रत्येकी 15. प्रत्येक विधानाला 0 ते 4 गुण, म्हणजे एकूण 360. जुन्या अभ्यासांशी तुलना करायची असेल तर हीच घ्या, आणि प्रकाशकाकडून विकतच घ्या, झेरॉक्स काढून नाही. पण तुमचा प्रश्न इंटर्नशिपपुरता आहे. व्यवसाय पवित्र वाटतो की नाही यापेक्षा मागच्या बाकावरच्या मुलाबद्दल काय वाटतं हे तुम्हाला हवं आहे. त्यासाठी स्वतःची मापनी केलेली बरी. वेळ मात्र किमान दोन-तीन महिने जास्त धरा.

पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये मांडलेलीच वापरा: प्रत्येक विधानापुढे ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय. सुरुवातीला 60 ते 70 विधानं लिहा, निम्मी अनुकूल, निम्मी प्रतिकूल. इंदुरातल्या तुमच्या वर्गात बहुतेकांचं शिक्षण हिंदीत झालेलं असणार, म्हणून विधानं थेट हिंदीतच सुचू द्या. मराठीत लिहून मग भाषांतर केलं की वाक्यं अवघडतात आणि वाचणारा मधला पर्याय निवडून सुटका करून घेतो. इथे सोयीसाठी मराठी उदाहरणं देतो.

‘शिक्षक प्रेमळ आणि शिस्तप्रिय असावा’ हे विधान बाद, कारण एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणाऱ्याने खूण कुठे करायची? ‘बी.एड.ला 20 आठवड्यांची इंटर्नशिप असते’ हेही बाद, ती माहिती झाली, मत नव्हे. ‘मुलांना कधीच रागावू नये असं नाही’ हे वाचून असहमत म्हणजे नेमकं काय, ते लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. याउलट ‘दोन-चार मुलांना समजलं नाही म्हणून अख्खा वर्ग थांबवणं चुकीचं आहे’ हे विधान चांगलं आहे. समंजस माणूस याच्या दोन्ही बाजूंना असू शकतो, आणि कोणती बाजू ‘बरोबर’ आहे ते वाचताक्षणी कळत नाही. प्रत्येक विधानाला हीच कसोटी लावा.

पाच-सहा जाणकारांकडून चाळून घेतल्यावर 45-50 विधानं उरतील. ती तुमच्या मुख्य नमुन्यात नसलेल्या साधारण 100 छात्राध्यापकांकडून भरून घ्या. एकूण गुणांप्रमाणे कागद लावा, वरचे 27 आणि खालचे 27 बाजूला काढा, आणि प्रत्येक विधानावर या दोन गटांच्या सरासरीतला फरक ‘टी’ने, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक पारखणाऱ्या सांख्यिकी चाचणीने, तपासा. 1.75च्या खाली आलेलं विधान वगळा, ते कितीही आवडीचं असलं तरी. 25 ते 30 विधानं टिकली की क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढा. 0.70च्या वर असेल तर पुढे जा. फारच कमी किंवा चक्क ऋण आला तर मापनीला दोष देण्याआधी एक्सेलची शीट उघडा. प्रतिकूल विधानांचे गुण उलटवायचे राहिलेले असतात. 1 ते 5च्या मापनीत 6 मधून मिळालेले गुण वजा करायचे, एवढंच ते काम आहे, आणि नेमकं तेच राहतं.

मोजमाप दोनदाच करू नका. इंटर्नशिप सुरू होण्याच्या आधी, सातव्या-आठव्या आठवड्यात आणि संपल्यावर, असं तीनदा करा. मधे घसरून शेवटी सावरलेला आलेख दोन टोकांच्या आकड्यांत सरळ रेषेसारखा दिसतो आणि ‘बदल नाही’ असा निष्कर्ष छापला जातो. सुरुवातीची सरासरी 150 पैकी (30 विधानं, प्रत्येकी जास्तीत जास्त 5 गुण) 135-140 असेल तरीही सावध राहा, कारण वर जायला जागाच उरलेली नाही. आणि सगळेच शाळेत गेलेले असतील, तुलनेला गट नसेल, तर ‘इंटर्नशिपमुळे बदल झाला’ असं लिहू नका. ‘इंटर्नशिपच्या काळात बदल दिसला’ एवढंच तुमच्या आकड्यांना पेलतं. व्हायवात पहिला प्रश्न इथेच येतो.

प्रश्न: बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरकारी शाळेत सातवीला शिकवते, वर्गात पन्नासच्या वर मुलं. पाचवा आठवडा सुरू आहे. शिक्षिकाच व्हायचं हे लहानपणापासून ठरलेलं होतं, आता सकाळी निघतानाच नको वाटतं. स्टाफरूममध्ये सांगतात, दोन रट्टे दे, सगळे सरळ होतील. माझी निवडच चुकली का? (राजेंद्र नगर, इंदूर)

पाचव्या आठवड्यावरून निवडीचा निकाल लावू नका. फ्रान्सिस फुलर यांनी 1969 मध्ये शिक्षकांच्या काळज्यांचा क्रम मांडला होता. सुरुवातीला काळजी स्वतःची असते: वर्ग ऐकेल का, सुपरवायझर काय म्हणतील, मुलं मला शिक्षिका मानतात का. मग कामाची: वेळ, साहित्य, अभ्यासक्रम. मुलांना खरोखर काय समजलं ही काळजी पुढे येते. तुमचं पत्र पहिल्या पायरीवरचं आहे, आणि पाचव्या आठवड्यात तिथे असणं स्वाभाविक आहे.

धक्का बसण्याचं एक कारण तयारीतही आहे. सूक्ष्म अध्यापनाची (एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठाची) आपली प्रचलित रचना 36 मिनिटांची: 6 मिनिटं शिकवा, 6 मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते ऐकणं), 12 मिनिटं पुन्हा नियोजन, 6 मिनिटं पुन्हा पाठ, 6 मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. समोर पाच-दहा जण आणि तेही तुमचेच वर्गमित्र, विचारलं की लगेच उत्तर देणारे. बी. के. पासी यांनी बडोद्यात आणि नंतर आपल्या इंदुरात या पद्धतीवर मोठं काम केलं. एकेक कौशल्य सुटं करून घटवायला ती उत्तम आहे. पण पन्नास मुलांचा वर्ग सांभाळायचा सराव त्यात होत नाही, आणि तो होत नाही हे आधी कुणी सांगत नाही.

म्हणून आधी तासाची पहिली पाच मिनिटं हातात घ्या. बहुतेक नवे शिक्षक वर्गात शिरल्याबरोबर फळ्याकडे वळून तारीख, विषय, घटक लिहायला लागतात. सुपरवायझरला फळा भरलेला दिसावा म्हणून ही सवय लागते. तेवढ्या वेळात पाठीमागे तास हातून जातो, आणि नंतरची पंचवीस मिनिटं तो परत मिळवण्यात जातात. फळ्यावरचं लेखन आधीच्या सुट्टीत करून ठेवा. आत शिरताच मुलांना वहीत करायचं दोन मिनिटांचं काम द्या, कालच्याच धड्यातलं, सगळ्यांना जमेल असं. ती लिहीत असताना रांगांमधून फिरा. बाकांचा नकाशा काढून नावं लिहून घ्या आणि रोज एका रांगेची पाठ करा. ‘ए, निळ्या बॅगवाल्या’ म्हटल्याने जे होत नाही ते नावाने हाक मारल्याने होतं.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो यांच्या निरीक्षणांत शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मनात तीनपर्यंत मोजा. नवख्या शिक्षकाला ती शांतता फार लांब वाटते, मुलांना नाही.

रट्ट्यांबद्दल स्पष्ट सांगतो. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला मनाई आहे. सातवीची मुलं त्या कायद्याच्या वयात येतात, आणि छात्राध्यापकाला त्यातून सूट नाही. कायदा बाजूला ठेवला तरी धोका आहेच. 1967 मध्ये विलोवर, आयडेल आणि हॉय यांनी मुलांवरच्या नियंत्रणाविषयीची धारणा मोजणारी 20 विधानांची मापनी केली. तिच्या आधारे हॉय यांना दिसलं की, शाळेतल्या सरावानंतर छात्राध्यापकांचा कल धाक आणि बंदोबस्ताकडे वाढतो. कॉलेजात शिकलेलं मागे पडतं आणि स्टाफरूममधलं सोबत येतं. तुम्हाला रट्टे पटत नाहीत, हे पत्रात दिसतं. ते न पटणं जपा.

मेंटरना, म्हणजे शाळेत तुम्हाला मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांना, ‘माझा पाठ कसा झाला?’ असं विचारू नका. ‘ठीक होता’ यापलीकडे उत्तर येत नाही. ‘आज फक्त बघा, मी कोणत्या मुलांना प्रश्न विचारते आणि कोणत्या रांगांना एकदाही विचारत नाही’ असं सांगून बाकांच्या नकाशाची कोरी प्रत हातात द्या. असे भरलेले कागद सहा आठवडे साठवा. आवड परत येते की नाही ते त्यानंतर ठरवा. आणि अन्न गोड न लागणं, झोप न येणं असं काही सुरू असेल तर कॉलेजातल्या विश्वासाच्या प्राध्यापकांशी आणि डॉक्टरांशी आजच बोला, सहा आठवडे थांबू नका.

प्रश्न: आजकाल दुसरं काही जमलं नाही की मुलं बी.एड.ला जातात. अशांच्या हाती मुलं द्यायची? प्रवेशाच्या वेळीच अभिवृत्ती तपासून वगळता येणार नाही का? (निवृत्त वाचक, देवास)

तुमची कळकळ समजते, पण हा उपाय चालणार नाही. प्रवेश अडणार हे कळलं की प्रत्येक जण आदर्श उत्तर लिहील, आणि खरं बोलणारा तेवढा बाहेर राहील. शिवाय सुरक्षित नोकरीसाठी आलेला माणूस वाईटच शिकवतो, असं नाही. घरखर्चाची चिंता मिटलेला शिक्षक मुलांकडे जास्त लक्ष देऊ शकतो. कोण कशासाठी आला यापेक्षा इंटर्नशिपमध्ये त्याला कसला मेंटर मिळाला, याची चौकशी जास्त उपयोगाची.

प्रश्न: मी शाळेत मेंटर आहे. कॉलेजकडून आलेल्या तक्त्यात ‘अभिवृत्ती: 10 पैकी’ असा रकाना आहे. सगळ्यांना 8 किंवा 9 देऊन टाकतो. बरोबर वाटत नाही, पण करू काय? (महू)

दहा जणांना आठ-नऊ दिले म्हणजे कुणाबद्दलच काही सांगितलं नाही. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्येच दाखवलं होतं की, माणसाबद्दलचं एक चांगलं मत त्याच्या बाकीच्या सगळ्या गुणांवर पसरतं. वेळेवर येणारा, नम्र, सुंदर अक्षराचा छात्राध्यापक असाच ‘अभिवृत्ती’तही नऊ गुण घेऊन जातो. त्याने वर्गातल्या अडलेल्या मुलाकडे वळून पाहिलं का, हे कुठेच नोंदलं जात नाही.

रकाना भरायचा तर आहेच. मग त्याला दिसणाऱ्या वागण्याचा आधार द्या. प्रत्येक छात्राध्यापकाचे तीन वेगवेगळ्या दिवशीचे तास, दर वेळी दहा मिनिटं, मागे बसून पाहा आणि तीनच गोष्टी टिपा. चुकीचं उत्तर आल्यावर तो काय करतो: पुढच्याला विचारतो, स्वतः सांगून टाकतो, की त्याच मुलाला एक सोपा प्रश्न देऊन पुढे आणतो? किती मुलांना नावाने हाक मारली? ठरवलेलं मुलांना झेपत नाही हे दिसल्यावर पाठ टाचण सोडलं की तसंच रेटलं? शेरे नकोत, घडलं ते लिहा. ‘मुलांविषयी आस्था आहे’ असं न लिहिता ‘वजाबाकीत हातचा विसरलेल्या मुलीला फळ्यावर बोलावलं, काड्या मोजायला लावल्या, दोन मिनिटं दिली’ असं लिहा.

तिसऱ्या नोंदीनंतर छात्राध्यापकाला वही दाखवा आणि पंधरा मिनिटं बोला. हे गुण भरण्याच्या आधी करा, नंतर नाही. गुण ठरून गेल्यावर तो फक्त ऐकून घेतो. रोजनिशीही याच वेळी मागवा. तिच्यात ‘आजचा पाठ छान झाला, मुलांनी उत्तम प्रतिसाद दिला’ अशी पानंच्या पानं असतील तर आजपासून एवढंच लिहायला सांगा: आज कोणत्या एका मुलाला समजलं नाही, आणि ते मला कशावरून कळलं. आणि कॉलेजला कळवा की रोजनिशीला गुण देऊ नयेत, सह्या तेवढ्या मोजाव्यात. नाहीतर हाही कागद महिन्याभरात ‘छान झाला’वर येतो.