पाणी प्रदूषणाचे नियम कडक केले की कंपन्या खरंच नवं तंत्रज्ञान आणतात का?

आणतात, पण नियम नुसता कागदावर असेपर्यंत नाही. तमिळनाडूतलं तिरुपूर बघा. तिथल्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं खारट, रंगीत पाणी वर्षानुवर्षं नोय्यल नदीत जायचं. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बाहेर सोडलं जाणारं सांडपाणी शून्यावर न आणणारे कारखाने बंद करायला लावले, तेव्हा कुठे चक्रं फिरली. आरओने, म्हणजे सांडपाणी अतिबारीक पडद्यातून दाबाने गाळून, बरंचसं पाणी परत मिळतं; खरी डोकेदुखी मागे उरणाऱ्या खाऱ्या पाण्याची. ते आटवायला इंधन भरमसाट लागतं. पण रंगाईला मीठ लागतंच ना! मग तेच खारं पाणी स्वच्छ करून पुन्हा रंगाईला वापरायची पद्धत बसवली गेली. अर्थात लहान युनिटांना हा खर्च झेपणं अवघड, कित्येकांनी शटरच ओढलं.