टेस्टर पेटतो, तरी मोटर का फिरत नाही?

प्रश्न : आमच्या विहिरीवर ५ हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोनोब्लॉक मोटर आहे. स्टार्टरचे हिरवे बटण दाबले की ती नुसती गुरगुरते आणि काही सेकंदांत स्टार्टर पडतो. टेस्टर मात्र मोटरच्या तिन्ही टोकांवर पेटतो. रिवाइंडिंगला पाठवावी का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : इतक्यात पाठवू नये. ही लक्षणे बहुधा एक फेज तुटल्याची आहेत. दोनच फेज मिळाल्या तर मोटरमधील चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी धडधडते. म्हणून आवाज येतो, पण शाफ्ट हलत नाही. टेस्टरने तुम्हांला फसवले आहे, कारण तुटलेल्या फेजचे टोक वाइंडिंगमार्गे (मोटरमधील तारांच्या वेटोळ्यांतून) उरलेल्या दोन फेजांना जोडलेलेच असते आणि उभ्या मोटरच्या त्या टोकावर जमिनीच्या तुलनेत सुमारे १२० व्होल्ट येतात. टेस्टरचा दिवा पेटायला तेवढे पुरतात.

मल्टिमीटर फेज-फेजमध्ये लावावा लागतो. हे काम चालू विजेवरचे असल्याने ते जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. बटण दोन-तीन सेकंदच दाबून प्रथम फ्यूजच्या आधी, मग फ्यूजनंतर आणि शेवटी स्टार्टरच्या मोटरकडील बाजूस फेजांच्या तिन्ही जोड्या मोजाव्यात. सर्वत्र ४१५ व्होल्टच्या आसपास आकडे हवेत. जिथून एक जोडी ४१५ आणि उरलेल्या दोन २०७ च्या जवळ दाखवू लागतात, तिथे दोष सापडला. बहुतेकदा किटकॅटमधील (फ्यूजच्या खोबणीतील) गळालेली तार, स्टार्टरचे जळालेले पॉइंट किंवा ढिला पडून काळवंडलेला ॲल्युमिनियमचा जोड निघतो. फ्यूजच्या आधीच आकडे बिघडलेले असतील आणि शेजारच्या मोटरीही गुरगुरत असतील, तर दोष डीपीकडे (ट्रान्सफॉर्मरकडे) आहे. तिथे स्वतः चढू नये, लाइनमनला कळवावे.

स्टार्टर पडू नये म्हणून रिलेचा (जास्त प्रवाह वाहिला की स्टार्टर बंद करणाऱ्या भागाचा) आकडा वाढवण्याची सवय अनेकांना असते, आणि माझ्या मते जळालेल्या मोटरींतील बऱ्याच याच सवयीमुळे जळालेल्या असतात. ५ हॉर्सपॉवरला साधारण ७.५ ॲम्पिअर लागतात. डीओएल (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरच्या रिलेवर नेमप्लेटवरचाच आकडा ठेवावा.

तिन्ही जोड्या मोटरच्या टोकांशीही बरोबर असतील, तर मेन स्विच बंद करून शाफ्ट हाताने फिरवून पाहावा, कारण इम्पेलरमध्ये खडा अडकला किंवा बेअरिंग धरले तरी मोटर अशीच गुरगुरते. शाफ्ट मोकळा फिरत असेल, तर केबल सोडून वाइंडिंगच्या तिन्ही जोड्यांचा रोध मोजावा. तो तिन्हींत सारखा नसेल, तरच रिवाइंडिंगचा विचार करावा.