खानापूरच्या माळ्यावर काकांनी १९९०च्या दशकात लिहिलेल्या गेमच्या फ्लॉप्या आणि वही सापडली. कसं जपू?

आधी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालून ‘चालते का’ बघू नका. खानापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. ओल धरलेल्या माळ्यावर फ्लॉपीच्या आतल्या चकतीला बुरशी धरते. शटर, म्हणजे फ्लॉपीवरची सरकती पट्टी, सरकवून उजेडात बघा. पांढुरके ठिपके असतील तर आधी जाणकाराकडून साफ करून घ्या, नाहीतर ड्राइव्हचं वाचणारं हेड चकती खरवडेल. स्वच्छ असेल तर कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे त्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे रिकाम्या जागेसकट जशीच्या तशी नक्कल, घ्या. नुसत्या फायली कॉपी केल्यात तर पुसलेल्या फायलींचे अवशेष हातचे जातील, आणि गेम कसा घडत गेला ते बरंचसं तिथेच असतं.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गाजलेल्या गेमचा मूळ कोड असाच वर्षानुवर्षं हरवलेला होता. २०१२ साली तो लिहिणाऱ्या जॉर्डन मेकनरच्या वडिलांना फ्लॉप्यांचं खोकं सापडलं, आणि तो कोड आज गिटहब या कोड ठेवण्याच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतो.

वही मला फ्लॉपीइतकीच मोलाची वाटते. चौकटीच्या कागदावरची चित्रं, खोडलेल्या ओळी, समासातली टिपणं, सगळं रंगीत स्कॅन करा. काकांना विचारून इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर चढवा. आणि याच आठवड्यात त्यांच्यासमोर बसून, पान उलटत, त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा.