चालान वर्धा रोडचं, ॲक्सिडेंट बेसाजवळचा, दोन्हीची खिचडी करू नका

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका वाचकाने लांबलचक लिहून पाठवलंय, नाव अर्थातच देत नाही. प्रकार असा की हे भाऊ बुटीबोरी एमआयडीसीतली शिफ्ट संपवून स्वतःच्या कारने घरी येऊन राहिले होते. सव्वासातच्या सुमारास बेसाकडच्या रस्त्यावर, जिथे काम चालू आहे आणि डायव्हर्जनच्या तोंडाशी ना रिफ्लेक्टर ना लाईट, तिथे एक मोटरसायकलवाला दुभाजकातला पुढचा कट लांब पडतो म्हणून राँग साईडने आला आणि कारच्या डाव्या कोपऱ्यावर आदळला. पायाचं हाड मोडलं. भाऊंनी त्याला ऑटोत घालून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं, पोलिसांना कळवलं, हे त्यांनी एकदम बरोबर केलं. एफआयआर झाला, भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकार ड्रायव्हिंग) आणि १२५(ब) (निष्काळजीपणाने गंभीर दुखापत). चार दिवसांनी मोबाईलवर मेसेज येऊन पडला की त्याच दिवशी ६ वाजून ४१ मिनिटांनी वर्धा रोडवर मर्यादा ७० असताना तुमचा वेग ९१ होता, २००० रुपये भरा. आता ऑफिसात दोन पार्ट्या पडल्या आहेत, अर्धे म्हणतात हे कॅमेरे निव्वळ वसुलीसाठी आहेत, अपघात तर खराब रस्त्यांनी होतात, तू कोर्टात हेच सांग. बाकीचे म्हणतात चालान भरलं की तू कबूलच केलं, मग आत गेलाच समज. भाऊ विचारतात, भरू की नको, आणि इन्शुरन्सवाले हात वर करतील का.

आधी वकील म्हणून भीती काढतो. २८१ ला जास्तीत जास्त ६ महिने, १२५(ब) ला ३ वर्षांपर्यंत किंवा दंड किंवा दोन्ही, पण दोन्ही कलमं जामीनपात्र आहेत, त्यामुळे ऑफिसातल्या त्या "आत गेलाच" वाल्याला सांगा तू आपलं काम कर.

आता चालान. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली चालानाची रक्कम भरली म्हणजे तो गुन्हा कंपाउंड झाला, म्हणजे त्या गुन्ह्यापुरती पुढची कारवाई थांबली, याला कन्व्हिक्शन, म्हणजे कोर्टाने दोषी ठरवणं, म्हणत नाहीत. आणि तो गुन्हा कुठला, तर वर्धा रोडवर ६.४१ ला ९१ ने गाडी चालवण्याचा. बेसाजवळ सव्वासातला काय झालं त्याबद्दल त्या चालानात एक अक्षर नाही. मधे अर्धा तास गेलेला आहे, सिग्नल आहेत, वळणं आहेत, संध्याकाळची गर्दी आहे. सरकारी वकील चालान दाखवून म्हणेल की बघा साहेब हा माणूस जोरातच चालवतो, पण आरोपीचं मागचं वाईट वागणं पुराव्यात सहसा येत नाही, तुम्ही स्वतःच दार उघडून दिलं तर मात्र येतं. दार कसं उघडतं? कोर्टात उभं राहून "मी तर कधीच सत्तरच्या वर जात नाही साहेब" असं बोललात की ९१ चं चालान टेबलावर आलंच समजा. तेव्हा स्वतःच्या सभ्य ड्रायव्हिंगचं सर्टिफिकेट स्वतः वाटत फिरू नका, ऑफिसात पण नाही आणि त्या जखमीच्या नातेवाइकांसमोर तर अजिबात नाही.

भरायचं की नाही त्याआधी चालान उघडून नीट पाहा, बहुतेक लोक रक्कम पाहतात आणि शिव्या देऊन बंद करतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७ए नियम आला, त्याप्रमाणे स्पीड गन असो की कॅमेरा, त्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी रिन्यू करावं लागतं, कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी वाहनचालकाला दिसेल असा इशारा बोर्ड लागतो, आणि चालानासोबत नंबर प्लेट दिसणारा फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, जागा, कुठलं कलम मोडलं ते, हे सगळं पाहिजे. नोटीस ठरलेल्या मुदतीत पाठवायची असते, ती मुदत चालू नियमात पाहून घ्या. राहिला मर्यादेचा मुद्दा. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १०० ची कमाल मर्यादा आहे आणि महापालिकेच्या हद्दीत ७० ची. त्यापेक्षा कमी करायची तर करता येते, पण त्यासाठी अधिसूचना पाहिजे आणि रस्त्यावर बोर्ड पाहिजे. म्हणून तुमच्या चालानावर जी जागा लिहिली आहे ती हद्दीच्या आत येते की बाहेर, आणि तिथे ७० चा बोर्ड आहे का, हे एखाद्या रविवारी जाऊन पाहून या. बोर्ड नसेल तर मोबाईलवर तारीख-वेळेसकट व्हिडिओ काढा आणि वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाका.

पण तक्रारीत काय लिहिता ते सांभाळा. माझ्याकडे मागे एक जण आला होता, त्याने तक्रारीत लिहून ठेवलं होतं की आई आजारी असल्यामुळे मी घाईत होतो म्हणून वेग थोडा वाढला. अरे बाप्पा, हा बचाव झाला की कबुलीजबाब? तुमच्या बाबतीत तर ही ओळ अपघाताच्या केसमध्ये जाऊन बसेल, की आरोपी त्या संध्याकाळी घाईत होता. तेव्हा फक्त बोर्ड, हद्द, यंत्राचं प्रमाणपत्र, एवढंच मागा. आणि बोर्ड असेल, फोटो स्पष्ट असेल, गाडी तुमचीच असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की त्या फोटोचा आणि चालानाचा प्रिंट काढून फाईलला लावा, २००० रुपये भरा आणि मोकळे व्हा. लोकअदालतीत सूट मिळेल म्हणून थांबायची वेळ ही नाही, ज्या माणसावर अपघाताची केस आहे त्याच्या गाडीवर पेंडिंग चालानांची माळ चांगली दिसत नाही.

आता तुमच्या ऑफिसातल्या वादाकडे येतो, कारण तुमची केस खरी तिथेच आहे. हा वाद आपल्या नागपूरला काही नवा नाही. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, कारला १२० ची मर्यादा, आणि १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, २५ माणसं गेली. तेव्हा चहाच्या टपरीपासून विधानभवनापर्यंत हेच चालू होतं, कोणी म्हणे वेग, कोणी टायर, कोणी ड्रायव्हरची डुलकी, नागपूरच्या व्हीएनआयटी इंजिनीअरिंग कॉलेजच्या अभ्यासातून हायवे हिप्नोसिस, म्हणजे सरळ एकसुरी रस्त्यावर ड्रायव्हरला येणारी गुंगी, हा शब्द पण लोकांच्या तोंडी बसला. आपले गडकरी साहेब तर स्वतः खात्याचे मंत्री असून सदोष डीपीआर (रस्त्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल) बनवणाऱ्यांना आणि रस्त्याच्या इंजिनीअरांना जाहीरपणे दोष देत असतात. दुसरीकडे त्यांच्याच मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल उघडा, देशात ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू, आणि त्यातले ७१ टक्के मृत्यू ओव्हरस्पीडिंगच्या खात्यात.

हे ७१ टक्के येतात कुठून? पोलिसांच्या कागदातून. आणि पोलिसांच्या कागदात काय असतं ते मी वीसेक वर्षं वाचून राहिलो, "आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून" हे वाक्य इतकं पाठ झालंय की फिर्यादी बोलायच्या आधी लिहिणाऱ्याच्या बोटातून उतरतं. कलमच तसं आहे ना, भरधाव लिहिल्याशिवाय २८१ लागल्यासारखं वाटत नाही, म्हणून उभ्या ट्रकला मागून ठोकलं तरी भरधाव, गल्लीत रिव्हर्स घेताना लागलं तरी भरधाव. एका केसमध्ये मी साक्षीदाराला विचारलं, गाडीचा वेग किती होता. म्हणे भरधाव. भरधाव म्हणजे किती? म्हणे लय जोरात. तुम्ही कुठे उभे होते? पानठेल्यावर. तोंड कुठे होतं? आता खर्रा घोटून घेत होतो तर ठेल्याकडेच असणार ना वकीलसाहेब. म्हणजे त्याने आवाज ऐकून मान वळवली तेव्हा गाड्या ठोकून झालेल्या होत्या.

सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या केसमध्ये हेच सांगितलं, की हाय स्पीड हा सापेक्ष शब्द आहे आणि गाडी जोरात होती एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या वेगाच्या कलम १८३ मध्ये सुद्धा एकट्या साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर शिक्षा करता येत नाही, यंत्राने मोजलेलं पाहिजे. बेसाजवळ तुमचा वेग कोणत्या यंत्राने मोजला? कोणत्याच नाही. मग तो ठरणार घटनास्थळ पंचनाम्यावरून, ब्रेकच्या घासलेल्या निशाणांची लांबी, काचा कुठे पडल्या, मोटरसायकल किती दूर फेकली गेली, तुमच्या गाडीला कुठे मार आहे.

पण म्हणून "वेगाने अपघात होत नाही" हे ऑफिसातलं ज्ञान माझ्यासमोर आणू नका, कोर्टासमोर तर नकोच. साधा हिशोब आहे. ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला १७ मीटरच्या आसपास जाते, डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले, पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला २० मीटर, झाले ४५. तेच ९० असेल तर ब्रेकला पाय जाईपर्यंतच ३७-३८ मीटर आणि थांबायला आणखी ४५, म्हणजे ८० च्या वर. तो पोरगा राँग साईडने आला हे खरं, पण तो ५० मीटरवर दिसला असेल तर तुम्ही ६० ला होते की ९० ला यावर त्याचा पाय वाचला असता की नाही हे ठरतं. म्हणून मला खरं सांगा, अपघाताच्या क्षणी काटा कुठे होता. मला खोटं सांगितलं तर मी ते कोर्टात आत्मविश्वासाने मांडीन आणि मग आपण दोघंही तोंडावर पडू. डॅशकॅम असेल, फोनमध्ये लोकेशनची टाइमलाईन असेल तर काहीच डिलीट करू नका, तुमच्या विरोधात दिसत असलं तरी. पुरावा पुसल्याचा आरोप हा मूळ केसपेक्षा महाग पडतो.

आणि तुमच्या बाजूचं जे आहे ते या आठवड्यात गोळा करा, कारण दुकानांचे सीसीटीव्ही काही दिवसांत स्वतःवरच ओव्हरराईट होत जातात. आजूबाजूला कुठे कॅमेरे आहेत ते पाहा आणि तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की ही फुटेज जप्त करा, अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. स्वतः पेन ड्राइव्हमध्ये मागून आणली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय ती कोर्टात चालायला त्रास होतो. डायव्हर्जनचे फोटो त्याच वेळी काढा, सव्वासातला, दिवसा काढलेल्या फोटोत अंधार कसा दिसेल? कामाच्या वर्क ऑर्डरमध्ये बॅरिकेड, रिफ्लेक्टर, लाईटच्या काय अटी होत्या ते माहिती अधिकारात मागा. मोटार वाहन कायद्यात १९८ए कलम आहे, रस्त्याच्या डिझाइन-देखभालीच्या चुकीने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठेकेदाराला, कन्सल्टंटला किंवा त्या यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड. हे कलम लागलेलं फार कमी पाहायला मिळतं, कारण पोलिसांच्या कागदात आधीच "भरधाव" लिहून झालेलं असतं, मग रस्त्याकडे पाहतो कोण. आता अपघातानंतर ४८ तासांत पहिला रिपोर्ट आणि ९० दिवसांत सविस्तर रिपोर्ट अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या ट्रिब्युनलकडे जायचा नियम आहे, त्यात ड्रायव्हरने भरून द्यायचा फॉर्म पण असतो. तो घाईघाईत पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून भरू नका, मला दाखवून भरा, आणि कोऱ्या कागदावर सही तर कोणी काकाने सांगितली तरी करू नका.

इन्शुरन्सचं थोडक्यात सांगतो, कारण ते सोपं आहे. जखमीला द्यायच्या भरपाईतून सुटण्याची कारणं कंपनीला त्याच कायद्याच्या कलम १५० मध्ये मोजून दिलेली आहेत, लायसन्स नसणं, दारू पिऊन चालवणं वगैरे, वेग जास्त होता हे त्यात नाही. तुमचं लायसन्स आणि पॉलिसी चालू असेल तर त्या पोराचा क्लेम कंपनी भरेल, राँग साईडचा मुद्दा त्याची रक्कम कमी करायला येईल. कंपनीला लेखी कळवलं नसेल तर हे वाचून झालं की आधी ते करा.

त्याच्या घरच्यांशी माणुसकीने वागा, विचारपूस करा, औषधाला मदत करावी वाटली तर करा, पण ऑनलाईन पाठवा आणि "चूक माझी" असं काही लिहून देऊ नका. १२५ मध्ये तडजोड होऊ शकते, २८१ मध्ये होत नाही, त्यासाठी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात एफआयआर रद्द करायला जावं लागतं, ते पुढचं पुढे पाहू.

आणि तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की शनिवारी बंपर बदलायला गाडी गॅरेजला टाकून राहिलो. टाकू नका. आरटीओच्या इन्स्पेक्टरची तपासणी आणि इन्शुरन्सच्या सर्वेअरचे फोटो होईपर्यंत त्या डाव्या कोपऱ्याला फडकं सुद्धा लावू नका, मोटरसायकलचा जो रंग तिथे घासून लागला आहे तो कोणत्या उंचीवर आणि कोणत्या दिशेने आहे, यावरच तो राँग साईडने आला होता हे मी दाखवणार आहे.