'लँड ऑफ १००० डान्सेस'मध्ये हे शब्दच का नाहीत?

प्रश्न: अमेरिकन सोल गायक विल्सन पिकेटच्या या गाण्यात शीर्षक कुठेच ऐकू येत नाही, ते का? आणि बँडवर बसवताना काय सांभाळायचं?

शब्द होते, कापले गेले. आणि गाणं मुळात पिकेटचं नाही. न्यू ऑर्लिन्सच्या ख्रिस केनरनं ते १९६२ साली गायलं, निर्माता ॲलन तूसाँ. सुरुवातीला चौदाएक सेकंदांचा, चर्चमधल्या भजनाच्या वळणाचा तुकडा होता. 'हजार नाचांचा देश' त्यातच यायचा. रेडिओवर वाजावं म्हणून सिंगलमधून तोच छाटला. पुढच्यांनी छाटलेलं गाणंच उचललं. हजार नाच तर केनरकडेही नव्हते, त्याची यादी १६ची: पोनी, मॅश्ड पोटॅटो, ॲलिगेटर, वाटुसी, पॉपाय वगैरे. गीतकार म्हणून गायक फॅट्स डॉमिनोचंही नाव लागतं, पण त्यानं एक ओळही लिहिलेली नाही. गाणं रेकॉर्ड करायच्या बदल्यात त्यानं अर्धी रॉयल्टी घेतली.

पण लोक गुणगुणतात ते 'ना ना ना'. ते ना केनरचं, ना डॉमिनोचं, ना पिकेटचं. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन-अमेरिकन पोरांचा एक गट होता, कॅनिबल अँड द हेडहंटर्स. त्यांचा गायक फ्रँकी गार्सिया एकदा शब्द विसरला आणि 'ना ना' म्हणत त्यानं वेळ निभावली, असं सांगतात. १९६५ साली त्यांची रेकॉर्ड अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ३०व्या क्रमांकापर्यंत गेली. केनरची ७७च्या पुढे सरकली नव्हती. त्याच वर्षी बीटल्सच्या अमेरिका दौऱ्यात हा गट त्यांच्याआधी रंगमंचावर उतरला. गाण्याला जन्मभर पुरलेला तुकडा गार्सियाचा, आणि श्रेयात त्याचं नाव नाही! 'पिकेटचं गाणं' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथे.

पिकेटनं १९६६ साली अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत ते गायलं. आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूज) यादीत पहिलं, पॉपमध्ये सहावं. सगळ्यात दणकेबाज रेकॉर्ड तीच, याबद्दल वाद नाही. ड्रमवर रॉजर हॉकिन्स आहे, त्याला वेगळं कान देऊन ऐका.

आता बसवण्याचं. गाणं जवळजवळ एकाच कॉर्डवर चालतं, त्यामुळे गिटारवाल्याला कंटाळा येतो आणि तो मधे कॉर्ड घुसवतो. घुसवू देऊ नका. सुरुवातीचा 'वन, टू, थ्री' गाण्याचाच भाग आहे, त्याच्या पाठोपाठ ब्रासचा ठोका एकजुटीनं पडलाच पाहिजे. 'ना ना'ला बाकी वाद्यं थांबवा, ड्रम एकटा चालू ठेवा. घसरगुंडी होते ती इथेच. 'ना'चे गट असे: १, ४, ४, ३, ३, ४. बहुतेक जण चारचारच म्हणत सुटतात आणि शेवटी ड्रमरच्या पुढे निघून जातात. आधी वाद्यांशिवाय, नुसत्या टाळीवर गट पाठ करून घ्या. शेवटचे चार नीट पडले की बास गिटार आत.

नाचणारे सोबत असतील तर पोनी पुरे: पाय जवळजवळ, गुडघे सैल, प्रत्येक बाजूला 'एक-आणि-दोन' अशी तीन छोटी पावलं.

पट्टी मात्र तुमच्या गायकाच्या गळ्याला बघून ठरवा. पिकेटच्या पट्टीचा हट्ट धरलात तर किंचाळ्या मारताना आवाज पहिल्याच कडव्यात बसेल.