बाबांना सांग, वावर विकायचं नाही

"मावशी, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते, वय 28. बी.ए. झालं, मग अमरावतीहून बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, केली. चार वर्षांपासून गावातल्याच सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. महिन्याला 3,500 ठरलेत पण ते अनुदान आलं की एकदम मिळतात, मधल्या महिन्यांत काहीच नाही. आता एका ओळखीच्यानं निरोप आणला की एका संस्थेच्या शाळेत अर्धवेळ ग्रंथपालाची जागा आहे, 12 लाख लागतील. आमचं चार एकर कोरडवाहू वावर, त्यातलं दोन एकर विकायला बाबा तयार झाले. पाहुणे येतात ते पहिले हेच विचारतात की नोकरी पर्मनंट आहे का. गावातले म्हणतात पुस्तकांवरची धूळ झाडायचं काम, त्याला शिक्षण कशाला लागते. मला हे काम मनापासून आवडतं. पण माझ्यापायी बाबांचं वावर गेलं तर मला घास गिळणार नाही, आणि पैसे नाही दिले तर जन्मभर 3,500 वरच राहीन का? काय करू?"

पोरी,

तुझं पत्र रात्री वाचलं, सकाळी उठून परत वाचलं. बाकी सगळं सावकाश बोलू पण पहिले हे ऐक, वावर विकायचं नाही, बाबांना आजच सांग. इसार घेतला नसेल तर फारच बरं, घेतला असेल तर परत करायला लाव, थोडी बोलणी खावी लागतील तर खाऊ दे.

एवढ्या जोरानं का सांगते, तर मी यातून गेलेली आहे. माझ्या वेळी वावर नव्हतं, मायच्या पाटल्या होत्या. एका संस्थेत मला सांगितलं की ग्रंथपालाची जागा आहे, मान्यता येतेच आहे, दोन-चार महिन्यांचा प्रश्न, तेवढं "संस्थेला सहकार्य" करा. मायनं पाटल्या मोडल्या. मी तिथं चार वर्षं तीन कपाटं सांभाळली, पोरांना पुस्तकं दिली, परीक्षेत सुपरव्हिजन केलं, झेंडावंदनाला रांगोळ्या काढल्या, आणि मी ज्या मस्टरवर रोज सही करत होती ते शाळेचं खरं मस्टर नव्हतंच, माझ्यासाठी वेगळी वही ठेवली होती, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. मान्यता आली नाही ती नाहीच. सोडताना अनुभवाचा साधा दाखला नाही दिला मला. मायनं कधी एका शब्दानं विचारलं नाही, पण कोणाच्या लग्नाला गेलो की ती पदर ओढून मनगटावर घ्यायची, रिकामं मनगट दिसू नये म्हणून, आणि ते मला बरोबर दिसायचं. म्हणून म्हणते, बाबांना त्या जागी उभं करू नको.

आता त्या जागेबद्दल. ज्यानं निरोप आणला त्याला विचार, संचमान्यतेत, म्हणजे शिक्षण खात्यानं शाळेला मंजूर केलेल्या पदांच्या यादीत, हे पद आहे का, पटसंख्या किती, जाहिरात कधी निघणार न कोणत्या पेपरात, बिंदूनामावलीप्रमाणे, म्हणजे आरक्षणाच्या नोंदवहीप्रमाणे, जागा कोणत्या प्रवर्गाची. कागद दाखवा म्हण. दाखवणार नाहीत, "तुम्हाला विश्वास नाही का आमच्यावर" म्हणतील. खरं पद असतं तर कागद असता. आणि समज नेमणूक दिली तरी शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता पाहिजे, मग शालार्थमध्ये, म्हणजे सरकारच्या पगाराच्या ऑनलाइन यादीत, नाव पाहिजे, तेव्हा कुठं पगार सुरू होतो. 2025 मध्ये आपल्या नागपूरकडे बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण केवढं गाजलं, पेपर भरून येत होते, अधिकाऱ्यांना अटक झाली. त्या घोळात ज्यांची नावं आली त्यातल्या कितीतरी घरांनी असंच काहीतरी विकलं असेल. शिवाय अर्धवेळ म्हणजे पगारही त्याच मापाचा. दोन एकर देऊन अर्धी नोकरी, तीही कागदाशिवाय, आणि पैसे बुडाले तर मागायला जाशील कुठं, पावती थोडीच देतात, वरून असे पैसे देणं हाही गुन्ह्यातच येते.

धूळ झाडण्याचं जे म्हणतात ना लोक, त्याचं मला फार लागलं. तुला स्वतःला काय काय येतं हे तू पत्रात लिहिलंच नाहीस, पाहिलं का? चार वर्षं एकटीनं वाचनालय चालवते म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवही तू भरते, पुस्तकावर शिक्का न आतल्या ठरलेल्या गुप्त पानावर नंबर तू टाकते, देवघेव, सभासदांची वर्गणी, वार्षिक अहवाल, तपासणी आली की अनुदानाचा हिशोब, सगळं तूच. शहरातल्या कॉलेजातून बी.लिब.च्या पुढची एम.लिब. झालेल्या पोरी मी पाहिल्या आहेत, त्यांनी दाखल नोंदवहीला हात लावलेला नसतो. तुझ्याजवळ हे आहे, फक्त कागदावर नाही.

2017 चं सांगते. त्या वर्षी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-मजूर गेले, तुलाही आठवत असेल, घरोघरी भीती होती. मी तेव्हा रविवारी आमच्या गावच्या वाचनालयात बसायची. एक जण आला, चाळिशीचा, सभासद नव्हता, आधी कधी पायरी चढला नव्हता. खिशातून औषधाच्या डब्याची घडी केलेली चिठ्ठी काढली न म्हणाला, ताई, हे वाचून सांगता का, अक्षरं लई बारीक आहेत. अक्षरं खरंच बारीक होती, मलाही चष्मा लागला. मी त्याला डब्यावरचा तिकोन समजावून सांगितला, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मग मला आठवलं की अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका आपल्याकडे कुठंतरी आहेत, त्या सापडल्या संकीर्णच्या गठ्ठ्यात सुतळीनं बांधलेल्या, कोणी उघडल्यासुद्धा नव्हत्या. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा, ड्युईतला (पुस्तकं विषयवार लावायच्या पद्धतीतला) नंबर 633.51, तो टाकला, न सगळ्या पुस्तिका दारासमोरच्या टेबलावर मांडल्या, कादंबऱ्या मागे सरकवल्या. पुढच्या रविवारी तो दोघांना घेऊन आला. आपल्या ग्रंथालयशास्त्रातले रंगनाथन यांनी 1931 मध्ये पाच सूत्रं मांडली, त्यातलं प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक हे आपण परीक्षेसाठी पाठ करतो, मला ते कळलं त्या दिवशी. कोणी धुळीचं म्हणालं की तू त्याला विचार, तुमच्या वावरातल्या किडीचं पुस्तक कोणत्या कपाटात आहे सांगा बरं.

आता पुढचं. पहिले एम.लिब. कर. नोकरी सोडून नाही, इग्नू या मुक्त विद्यापीठातून कर, त्यांचं नागपूरला प्रादेशिक केंद्र आहे. बी.लिब. झालेल्याला एका वर्षाचा कोर्स. फी वावराच्या नाही, सोयाबीनच्या काही पोत्यांच्या हिशोबात बसते, बाबांना हेच सांग, त्यांना खर्च करायचाच आहे तुझ्यावर तर इथं करू दे, माणसाला काहीतरी केल्याचं समाधान लागतं.

एम.लिब.सोबतच नेटची, म्हणजे कॉलेजात लागायच्या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेची, तयारी धर, न तशीच आपल्या महाराष्ट्राची सेट, जी पुण्याचं विद्यापीठ घेतं. नेट वर्षातून दोनदा होते, जून न डिसेंबर. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, 50 प्रश्न, दुसरा आपल्या विषयाचा 100 प्रश्न, चूक उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, त्याला घाबरू नको, आपल्या विषयातले शब्द ठरलेले आहेत, रोज वीस शब्द लिहून काढ, तीन महिन्यांत ओळखीचे होतात. एम.लिब.ला 55 टक्के पाहिजेत, राखीव प्रवर्गाला 50. नेटला वयाची अट नाही. जेआरएफला, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीला, आहे, 30, पण बायकांना पाच वर्षांची सवलत मिळते म्हणजे तू बसतेस, आणि ती लागली तर पीएच.डी. करता करता महिन्याला 37,000, ही काही लहान गोष्ट नाही.

पण तुझ्यापासून लपवत नाही, नेट-सेट झालं म्हणजे कॉलेजात लागलीच असं नाही. तिथंही हाच बाजार आहे, आकडा फक्त मोठा. मला लागली ती सेट झाल्यावर सहाव्या इंटरव्ह्यूला, दुसऱ्या जिल्ह्यात, एक दमडी न देता, तेव्हा असे लोक आहेत पण शोधावे लागतात. म्हणून तुझ्या जागी मी असती तर आधी नजर ठेवली असती केंद्राच्या जागांवर. केंद्रीय विद्यालय न नवोदय, दोन्हीकडे ग्रंथपालाचं पद असतं, बी.लिब.वर अर्ज करता येते म्हणजे तू आजच पात्र आहे, लेखी परीक्षा होते, सातव्या वेतन आयोगात मूळ पगार 44,900 पासून. बदली देशात कुठंही होऊ शकते, हे घरी आधीच बोलून ठेव. वयाची मर्यादा जाहिरातीत नीट वाचायची. एकलव्य निवासी शाळा आहेत, आपल्या विदर्भात आदिवासी भागात बऱ्याच आहेत, त्यांच्या भरतीतही 2023 ला ग्रंथपाल होते. या भरत्या दरवर्षी निघत नाहीत, निघाल्या की तुझी तयारी झालेली पाहिजे.

नागपुरात व्हीएनआयटी, एम्स, आयआयएम, नीरी, कापूस संशोधन संस्था आहे, अशा ठिकाणी मोठ्या लायब्ऱ्या असतात, लायब्ररी ट्रेनी किंवा असिस्टंटची जाहिरात अधूनमधून वेबसाइटवर येते, वर्षभराची असली तरी सोडायची नाही. तिथं जो अनुभव मिळेल तो इंटरव्ह्यूत बोलतो. तिथं विचारतात कोहा येतं का. कोहा म्हणजे लायब्ररीचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, जगभर चालतं. तशीच सॉफ्टवेअर म्हणजे सरकारी एनआयसीचं ई-ग्रंथालय न इन्फ्लिबनेटचं सोल. कोहा शिकायला वाचनालयात कॉम्प्युटर नसेल तर तालुक्याला एखाद्या कॉलेजच्या ग्रंथपालाला भेट, मला शिकवा, मी तुमचा डेटा एंट्री करून देते म्हण, नाही म्हणणार नाहीत, माणसं कमी असतात सगळीकडे.

आणि तुझं आत्ताचं वाचनालय. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानं ही वाचनालयं गावोगाव उभी राहिली, हजारोंनी आहेत, त्यातले ग्रंथपाल वेतनश्रेणी मागून मागून रिटायर झाले. 3,500 हा तुझ्या कामाचा मोबदला नाही, अन्याय आहे हा, हे मी स्पष्ट म्हणते. पण दोन वर्षं ती खुर्ची धरून ठेव. गावातली पोरं-पोरी पोलीस भरतीची तयारी करत असतीलच, पहाटे रोडवर पळतात न दिवसभर अभ्यासाला जागा नसते. ग्रामपंचायतीला एक खोली माग, अध्यक्षांना सोबत घे, अभ्यासिका सुरू कर, महिन्याची थोडी फी लाव, त्यातला वाटा तुला मिळावा असा ठरावच करून घे. पोरींसाठी संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेव, आयांना आधी घरी जाऊन सांग कोण बसणार आहे न कुलूप कोणाजवळ आहे, नाहीतर पोरी येणार नाहीत. आणि त्यांच्यासोबत तूही नेटचं पुस्तक घेऊन बस.

पाहुण्यांचं फार मनावर नको घेऊ. जो पर्मनंट विचारतो त्याला सांगायचं परीक्षा देत आहे, पटलं तर पटलं.

बाबांशी बोलताना चुकूनही "तुम्हाला काही कळत नाही" असं तोंडून जाऊ देऊ नको. ते विकायला निघाले कारण त्यांना दुसरा रस्ता कोणी दाखवलाच नाही. जेवणं झाली की नवोदयची जुनी जाहिरात मोबाइलवर उघडून त्यांच्यासमोर ठेव, शिक्षणाची अट वाचून दाखव, मग पगाराचा आकडा वाचून दाखव. म्हणावं बाबा, यात कुठं डोनेशन लिहिलं नाही, मला दोन वर्षं द्या.

एक काम याच आठवड्यात कर, नेमणुकीच्या ठरावाची नक्कल न अनुभवाचा दाखला अध्यक्षांकडून लेटरहेडवर घे, तारखा स्पष्ट, सही-शिक्का, दोन झेरॉक्स. आज संबंध चांगले आहेत म्हणून मिळेल, उद्याचं कोणी पाहिलं. माझ्याजवळ नव्हता, त्याची किंमत मला माहीत आहे.

एम.लिब.चा फॉर्म भरला की मला कळव. वर्गीकरणाची माझी एक वही आहे, सेटच्या वेळची, पानं पिवळी झाली पण अक्षर चांगलं आहे, ती तुला पाठवते.

तुझी मावशी