लाइट गेली, गाडी दारात उभी

प्रश्न : गुहागरजवळ आमचा छोटा होमस्टे आहे. छपरावर सोलर आहे, यंदा ४० युनिट बॅटरीची इलेक्ट्रिक गाडी घेतली. पावसात लाइट गेली की दोन-दोन दिवस येत नाही आणि सोलरही बंद पडतं. गाडीतली वीज घराला वापरता येईल का? महावितरणला विकता येईल? बॅटरी खराब होईल का? — एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, विकण्याचं आधी उरकतो. नेट मीटरिंग, म्हणजे जास्तीची वीज महावितरणला देऊन बिलातून वळती करायची सोय, छपरावरच्या सोलरसाठी आहे, गाडीसाठी नाही. शिवाय गाडीतली वीज लाइनीत द्यायला दोन्ही दिशांनी चालणारा चार्जर लागतो, आपला घरगुती चार्जर वीज फक्त गाडीत भरतो. कल्पना मात्र खुळी नव्हे. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात रात्री पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून २५० मेगावॉट वीज करतात. तीन-तीन किलोवॉट देणाऱ्या ऐंशी-पंचाऐंशी हजार गाड्या एकदम जोडल्या तर तेवढंच काम होईल. जपानात २०११च्या त्सुनामीनंतर, पुढच्याच वर्षी निसाननं लीफ गाडीतून घर चालवायची यंत्रणा बाजारात आणली.

आता घराचं. गाडीतून बाहेर वीज देणारी सोय आहे का, ते आधी पुस्तिकेत बघा. टाटाच्या इलेक्ट्रिक नेक्सॉनच्या नव्या मॉडेलात ती ३.३ केव्हीएपर्यंत, म्हणजे ढोबळमानानं तीन किलोवॉट, मिळते. फ्रिज, पंखे, दिवे, वायफाय धरून दिवसाला आठ युनिट लागली, तर चिपळूणला जाऊन यायला पंधरा युनिट राखूनही तीन दिवस निघतात. एसी आणि गिझर विसरा.

सोलर बंद पडतं तो बिघाड नाही. लाइन मेली की सोलरच्या इन्व्हर्टरनं गप्प बसायचं, हे पोलावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी आहे. मी वीज बोर्डात बत्तीस वर्षं काढली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. सुपारीच्या बागा आडव्या, पोल मोडलेले. आमच्या मुलांनी सप्लाय बंद करून एका लाइनला डिस्चार्ज रॉड (लाइन जमिनीला जोडणारी दांडी) लावला तर ठिणगी उडाली! शोधलं तेव्हा कळलं, एका घरात जनरेटरची वायर स्वयंपाकघरातल्या सॉकेटात खुपसलेली. घरातली २३० व्होल्ट डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, उलटी गेली की वर हजारो व्होल्ट होतात. रॉड न लावता हात घातला असता, तर पुढचं लिहायची गरज नाही.

म्हणून गाडीची वायर भिंतीतल्या सॉकेटात कधीही घालायची नाही. गाडीतून एक्स्टेंशन काढून त्यावर फ्रिज-पंखे चालवा. अख्ख्या घराला द्यायची असेल तर परवानाधारक वायरमनकडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर (घर एकतर लाइनवर नाहीतर गाडीवर ठेवणारा स्विच) बसवून घ्या. अर्थिंगही तपासायला सांगा. जांभ्यात उन्हाळ्यात ते हमखास कोरडं पडतं.

बॅटरीची फार काळजी नको. वर्षातून पाच-दहा वेळा हळूहळू वीज काढणं तिला जड नाही. शंभर टक्के भरून कडक उन्हात उभी ठेवणं जास्त वाईट. वीस टक्क्यांच्या खाली मात्र नेऊ नका, पावसात रात्री-अपरात्री दवाखाना गाठायला गाडी लागते.

राहिला विहिरीचा पंप. सुरू होताना तो चालू असतानाच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि गाडीचा सप्लाय तिथेच ट्रिप होतो. तुमचा किती एचपीचा आहे ते कळवा, मग त्याचं सांगतो.